पायरीवर दिसणारा टीव्ही

काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसा त्या फोन न्यायच्या. दोन्ही हातांत, छातीसमोर, आडवा. नजर फोनवर ठेवून चालत यायच्या, उंबऱ्याशी थबकायच्या, एक पाऊल मागे घ्यायच्या, परत एक पुढे टाकायच्या. मग घरात जे कोण असेल त्याच्याकडे न बघताच विचारायच्या, “अडलं का?”

पहिल्यांदा त्या आमच्या दारात आल्या तेव्हा मी साडीला फॉल लावत बसले होते. मला वाटलं, या बाईंचं काहीतरी हरवलंय. पण विचारलं नाही. अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून शब्द लवकर निघत नाही. सुई साडीत तशीच ठेवून नुसती उभी राहिले.

“चित्र हो, चित्र. तुमच्या दारात अडतंय, बघा.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यात बातम्या सांगणारी एक बाई तोंड उघडं टाकून थांबली होती.

“आत येऊ?” असं म्हणेपर्यंत त्या आतही आल्या होत्या. मोरीपाशी उभ्या राहिल्या, मग चुलीपाशी, मग माळ्याच्या शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या. बातम्यावाली बाई मधेच एखादा शब्द बोलायची की परत थांबायची. जाताना मला म्हणाल्या, “तुमचं घर छान आहे हो. फक्त हवा पोचत नाही.” मी खिडकीकडे बघत बसले. चांगला वारा येत होता.

गल्लीत कामासाठी येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. डोस पाजायला येतात, मीटर बघायला येतात, नावं तपासायला येतात. दारातला चहा घेतात आणि जातात, कपाबरोबर त्यांचा चेहराही धुतला जातो. या ताईंचं तसं झालं नाही. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही, आणि आता विचारायचं कुठे तेही माहीत नाही.

आमची गल्ली कल्याणजवळ मोहन्याला, बंद पडलेल्या कंपनीच्या लांब भिंतीमागे आहे. ती नदीकडे उतरत जाते. वरच्या अंगाला आम्हा बौद्धांच्या खोल्या आणि विहार. खाली पाण्याला लागून कोळ्यांची घरं. विहार उंच जोत्यावर आहे, बाकी सगळं खोलगटात. ताईंनी पहिल्याच आठवड्यात विहारात सगळ्यांना जमवलं आणि घराघराला एकेक फोन दिला. थोड्या दिवसांपुरता, वापरून परत द्यायचा. या फोनवर म्हणे टीव्ही थेट हवेतून येणार होता. नेट नको, रिचार्ज नको, सिमसुद्धा नको.

“हवेतून म्हणजे कसा?” सुदामदादांनी विचारलं. सुदामदादा रिक्षा चालवतात आणि विहाराची कमिटी सांभाळतात. आमच्या गल्लीतला पहिला प्रश्न त्यांचाच असतो.

“पूर्वी पत्र्यावर काड्यांची अँटिना लावायचात ना? तिच्यावर चित्र ज्या वाटेनं यायचं, ती वाट. त्याला स्पेक्ट्रम म्हणतात. हवेत पण प्लॉट पाडलेले असतात दादा. हा रेडिओचा, हा पोलिसांचा, हा मोबाईलवाल्यांचा. जुन्या टीव्हीच्या प्लॉटवर आता बरीच मोकळी जागा आहे. टीव्हीवाले म्हणतात आम्हाला राहू द्या, आम्ही फोनवर टीव्ही दाखवतो. मोबाईल कंपन्या म्हणतात आम्हाला द्या, आम्ही नेट वाढवतो. सरकारचं ठरायचंय. तोवर ही चाचणी.”

“मग आमच्या पत्र्यावरची हवा कोनाच्या नावावर गो बाय?” हे मागून हिराआजींनी विचारलं. हिराआजी म्हणजे नदीकडच्या शेवटच्या घरातल्या कोळीणबाई. त्या दिवशी त्यांना दोघांनी धरून वर आणलं होतं.

“सरकारच्या, आजी.”

“म्हंजे खालची जमीन पन सरकारची, वरची हवा पन सरकारची. आमी मधी लटकलेलं!”

सगळे हसले. ताईही हसल्या, आणि त्या हसण्यातच पुढचं सांगून गेल्या. रोज संध्याकाळी सातच्या बातम्या बघायच्या. आपापल्या घरात, जिथे रोज बसता तिथेच बसून. संपल्या की फोनवर दोन बटणं येतील. चित्र न अडता चाललं तर हिरवं दाबायचं, अडलं तर लाल. लाल जास्त आले तर विहाराच्या गच्चीवर एक छोटा टॉवर बसेल, साहेबांनी तसं कबूल केलंय. मग खालच्या घरांपर्यंतही चित्र पोचेल.

“आणि त्याचा उपयोग काय, माहितीये?” त्या म्हणाल्या. “पाणी चढतं तेव्हा तुमचे फोन चालतात?”

त्यावर कोणी हसलं नाही. पाणी चढतं तेव्हा आमच्याकडे काहीच चालत नाही. लाइट जाते, मग नेट जातं, मग साधा फोनही लागत नाही. धरणाचं पाणी सोडलंय की नाही, अजून चढणार की उतरणार, हे आम्हाला चुलीत पाणी शिरल्यावर कळतं.

“टीव्हीची हवा वेगळी. ती लांबच्या उंच टॉवरवरून एकदाच सुटते आणि सगळ्यांना एकदम मिळते. लाखांनी बघितलं तरी तिच्यावर गर्दी होत नाही. पाण्याची खबर तुमच्या हातात येईल. फक्त ती इथे पोचली पाहिजे.”

एवढं सांगून त्या निघाल्यासुद्धा. सुदामदादा चहाचा ट्रे घेऊन उभेच.

बसायचं त्यांना जमायचं नाही. खुर्ची दिली तर खुर्चीवर पिशवी ठेवायच्या आणि स्वतः उभ्या. पंजाबी ड्रेसखाली पुरुषी बूट, पिशवी पाठीवर न घेता पोटावर. चहा उभ्यानेच, तोही अर्धा. बोलता बोलता खिडकीपाशी, तिथून दारापाशी. त्या घरात असल्या की माझा टाकासुद्धा वाकडा जायचा.

एकदा दुपारी माझ्याकडे आल्या आणि पाणी पीत उभ्या राहिल्या. मी न राहवून पाट सरकवला. तर म्हणाल्या, “नको हो. एका जागी राहिले की अंगाला मुंग्या येतात. सवयच गेलीय.”

मग आपणहूनच सांगायला लागल्या. ठाण्यात वर्तकनगरला त्यांचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग नवीन बांधायला पाडली. तेव्हापासून भाड्याच्या खोल्या. एक करार संपला की दुसरी खोली, तिथून तिसरी. “खोके मी आता सोडतच नाही. एक तवा, दोन ताटं बाहेर, बाकी सगळं बांधलेलं. परवा तिकडून रिक्षानं गेले तर वर बघितलं. माझं स्वयंपाकघर जिथं होतं ना, तिथं आता नुसती हवा आहे. मी रिक्षावाल्याला म्हटलं, ते बघा माझं घर. तो बिचारा वर बघून हो म्हणाला.”

त्या हसल्या. मीही हसले. मग त्यांनी भांडं उपडं ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

आता पुढची गंमत सांगते. गंमतच म्हणायची, पण ती आमच्या अंगाशी येणार होती.

सुदामदादांनी एकदा ताईंना फोनवर बोलताना ऐकलं. “हो सर. कळलं सर. हिरवे वाढायला हवेत सर.” झालं. दादांनी गल्लीभर सांगितलं, त्या बाईंची नोकरी हिरव्यावर आहे. लाल दाबला तर त्यांचा पगार अडणार. एकटी बाई, भाड्याची खोली. आपण लाल दाबायचा म्हणजे काय?

छोट्या टॉवरचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं असं नाही. पण टॉवर म्हणजे कधीतरी येणारी गोष्ट. ताई रोज डोळ्यांसमोर. दारात आलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं आमच्या गल्लीत कोणाला जमत नाही. चहात साखर कमी पडली तर पाहुणा सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही, तशातली गत.

पण खोटं तरी कसं दाबायचं? चित्र तर अडत होतं. तोडगाही दादांनीच काढला. विहाराच्या पायऱ्यांवर चित्र स्वच्छ दिसायचं. जोतं उंच, आणि समोर कंपनीच्या भिंतीला खिंडार पडलेलं. मग काय, सातला पाच-दहा मिनिटं असताना सगळी गल्ली फोन घेऊन पायऱ्यांवर. बातम्या बघायच्या, चित्र अडलं नाही ना, मग हिरवं दाबायचं आणि घरी. खोटं कोणीच बोललं नाही. हिराआजींना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्यांचा फोन दादा वर घेऊन यायचे. दोन्ही मांड्यांवर एकेक फोन ठेवून दादा बातम्या बघायचे. बोलणारी बाई एकच, पण दादा आळीपाळीने दोन्हीकडे बघायचे.

मीही जात होते. खरं सांगायचं तर मला ती पायरी आवडायला लागली होती. एरवी मी कोणाकडे जाऊन बसत नाही. तिथे बोलावं लागायचं नाही, सगळे समोर बघत असायचे.

ताई मात्र दिवसेंदिवस जास्तच फिरायला लागल्या. त्यांच्या हातातला फोन प्रत्येक घरात अडत होता आणि प्रत्येक घराचं बटण हिरवं येत होतं. माझ्या शेजारणीला त्यांनी विचारलं, “खरं सांगा, इथं दिसतं?”

“दिसतं की ताई! फर्स्टक्लास दिसतं.”

“कुठं बसून बघता?”

“असंच, बसून.”

ताई भिंतीला हात लावून बघायच्या, पत्र्यावर टकटक करायच्या. एकदा स्वतःशीच म्हणाल्या, “माझाच फोन खराब आहे की काय.” दुसऱ्या दिवशी दुसरा फोन घेऊन आल्या. तोही अडला. मला फार वाईट वाटलं, पण मी साडीत मान घालून राहिले. गल्ली ज्यांच्यासाठी एवढं करत होती, त्याच वेड्या व्हायच्या बेताला आल्या होत्या.

आणि मग एका संध्याकाळी त्या सातला आल्या. एरवी पाचलाच परत जायच्या. त्या दिवशी कोणाला न सांगता आल्या आणि विहाराच्या कोपऱ्यावर येऊन थांबल्या. पायऱ्यांवर सगळी गल्ली. खालपासून वरपर्यंत माणसं, प्रत्येकाच्या हातात चाचणीचा फोन, सगळ्या फोनांत एकच बाई बोलतेय.

“या या ताई!” सुदामदादा हौसेनं म्हणाले. “बघा, एकजात हिरवे. तुमच्यासाठीच चाललंय सगळं!”

ताईंनी एकदा पायऱ्यांकडे बघितलं, एकदा खाली उतरत जाणाऱ्या गल्लीकडे. पोटावरची पिशवी त्यांनी घट्ट धरली. मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तिकडं हिरवं दिसलं की ते काय समजतात, ठाऊक आहे? या गल्लीत घराघरात टीव्ही पोचला. मग टॉवर कशाला लावतील? पाणी येईल तेव्हा तुम्ही सगळे पायरीवर असणार का?”

फोनमधली बाई तेवढी बोलत राहिली.

“आम्ही तर तुमच्या नोकरीसाठी...” दादा म्हणाले.

“माझी नोकरी कंत्राटाची. ती हिरव्यानंही संपते आणि लालनंही संपते.” मग जरा थांबून म्हणाल्या, “माझी आई कल्याणला तळमजल्यावर राहायची. पाणी भरलं त्या दिवशी मी ठाण्यात घरी टीव्ही बघत होते. तिच्या भागातलं पाणी मला दिसत होतं. अजून वाढणार, वर जा, असं सांगत होते. मला दिसत होतं, तिला दिसत नव्हतं. तिची लाइट गेलेली, फोन लागेना. मी लावत राहिले, लावत राहिले. ती पाण्यात पलंगावर बसून होती.”

“वाचल्या ना?” कोणीतरी विचारलं.

“वाचली. लोकांनी काढलं. पण नंतर तिनं माझा फोन कधी उचलला नाही. समोर गेले की बोलायची. फोन वाजला की म्हणायची, वाजू दे, तेव्हा कुठं वाजला होता.”

त्या पायऱ्यांवर बसल्या नाहीत. उभ्यानेच एकेकाला सांगितलं, उद्यापासून घरात. जसं असेल तसं.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली लाल झाली. काय ते संकट वाटलं आम्हाला! माझी शेजारीण लाल दाबायच्या आधी फोनला म्हणाली, “माफ करा हां ताई.” दादांना तर जमेचना. त्यांनी डोळे मिटून दाबलं आणि चुकून दुसरंच काहीतरी उघडलं. मीही मोरीजवळ बसून दाबलं. घरात कोणी नव्हतं, तरी मला लाज वाटली.

एका रात्रीत हिरवी गल्ली लाल झाली म्हटल्यावर ऑफिसात गडबड उडाली. ताईंना म्हणे विचारलं, तुम्ही लोकांना पढवलंय का? आधीचं खरं की आताचं? ताईंनी सांगितलं, येऊन बघा. दोन दिवसांनी त्यांचे साहेब सातच्या सुमाराला गाडीतून आले. ताईंना मुलगा शोभेल अशा वयाचे असतील. वाईट नव्हते, चांगले हसून बोलत होते. पण त्यांना पटलं नसतं तर टॉवरही गेला असता आणि ताईंवर खोटेपणाही आला असता, हे त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि तरी काय झालं बघा. पाहुणा आला की आमच्याकडे त्याला विहाराच्या ओट्यावर बसवतात. दुसरी तशी जागाच नाही. दादांनी सवयीनं ओट्यावर खुर्ची टाकली, रुमालानं पुसली, साहेबांना बसवलं. चहा आला. साहेबांनी फोन काढला आणि टीव्ही लावला. चित्र पाण्यासारखं वाहत होतं.

“अरे, छान दिसतंय की!”

“हो साहेब,” दोघंतिघं म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. पाहुण्याने छान म्हटलं की हो म्हणायचं, एवढंच आम्हाला येतं.

ताई खाली उभ्या होत्या. त्यांनी बोलायचं नव्हतं, बोलल्या असत्या तर पढवलं असंच झालं असतं. मी कोपऱ्यात होते. सगळ्यांची तोंडं बघत होते. कोणीतरी बोलावं असं वाटत होतं आणि ते कोणीतरी मी नसावं असंही वाटत होतं.

तेवढ्यात खालून हिराआजींची नात धावत आली. “साहेबाला आजीनं जेवाला बोलावलंय. निवट्यांचं कालवण हाय. नाय आले तर आजी रागवंल.”

साहेब नको नको म्हणाले. पण नात हात धरून उभी राहिली, आणि पाहुण्याचंही आमच्यासारखंच असतं, त्यालाही ‘नाही’ म्हणता येत नाही. सगळे खाली निघाले. मी पुढे पळाले. आजींच्या भाकऱ्या थापायला कोणी नव्हतं.

आजींनी साहेबांना चुलीसमोर पाटावर बसवलं. ताट वाढलं. मग त्यांच्या हातातला फोन घेऊन समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

“बघ तुझा टीवी. मी पन हयच बसून बघते.”

बातम्या लागल्या आणि अडल्या. एक शब्द आला, परत अडल्या. साहेबांनी फोन जरा तिरका केला. मग उचलला आणि दाराकडे जायला उठू लागले.

“आं? भरल्या ताटावरशी उठतंस? आयशीनं शिकवलं नाय तुला?”

साहेब बसले.

“जरा दारात धरून बघतो आजी.”

“मी दारात बसून जेवत नाय. जेव तू.”

साहेब जेवत राहिले. समोर ती बाई तोंड उघडं टाकून थांबलेली. मी तव्यावरून मान वर केली नाही, पण हसू आवरत नव्हतं. बाहेर ताई फेऱ्या घालत होत्या. दारातून मला त्यांचे बूट तेवढे दिसायचे. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

दुसरी भाकरी वाढताना आजी म्हणाल्या, “मना पायऱ्या चढाला होत नाय रं बाबा. गुडघं गेलं. पानी आयलं तरी मी हयच असनार. मना सांगायचं तर हय येऊन सांगाला पायजे.”

साहेबांचा घास हातात राहिला. मग म्हणाले, “कालवण फार छान झालंय आजी.” फोनकडे बघून म्हणाले, “हे मात्र खरंच नाही दिसत.”

ते ऐकून बाहेरचे बूट थांबले.

चाचणीच्या शेवटच्या दिवसांत विहाराच्या गच्चीवर लोखंडी खांब उभा राहिला. त्याला एक पेटी आणि वर बोटभर जाडीच्या काड्या. खालच्या घरांत चित्र पोचलं. ताई दिवसभर घराघरांतून फिरल्या, मोरीत, माळ्यावर, हिराआजींच्या चुलीपाशी. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आजी मात्र तक्रार करत होत्या, “आता दादा येत नाय फोन न्यायला. टीवी आयला नि मानूस गेला.” संध्याकाळी पायऱ्यांवर सुदामदादा एकटेच बसलेले दिसायचे.

मग चाचणी संपली. फोन परत घेतले. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि पेटी काढून घेऊन गेली. हवेतला तो प्लॉट कोणाला द्यायचा ते ठरलं की परत लावू, असं म्हणाली. खांब राहिला. जयंतीला त्यावर आम्ही पंचरंगी ध्वज लावला.

ताईंना पुढे कुठेतरी डोंगराच्या बाजूला पाठवणार होते. गावाचं नाव त्यांनाच नीट ठाऊक नव्हतं. निरोप घ्यायला माझ्या दारात आल्या, नेहमीसारख्या उभ्याच. हात मोकळे होते, त्यामुळे त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी माझ्या हातातली साडी त्यांनी घेतली आणि फॉलची शिवण बोटांनी चाचपून बघितली.

“सरळ आहे हो,” म्हणाल्या. मग माझ्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घातला. “तुम्हाला लिहिता येतं ना? पाणी आलं की मला लिहायचं. सगळे वर आले का, एवढंच. फोन नका करू, तुम्ही बोलणार नाही मला माहितीये. लिहा.”

मी मान हलवली. चौथीपर्यंतचं माझं लिहिणं. तोपर्यंत फोनवर मी फक्त गिऱ्हाइकांना ‘साडी झाली’ एवढंच लिहिलं होतं.

या वर्षी पाणी आलं. भर दुपारी आलं. आधी लाइट गेली, मग फोनातल्या उभ्या काड्या एकेक करून गेल्या. धरणातून सोडलंय हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणजे कुठेतरी सांगत असतील, पण आमच्यापर्यंत ते आलं नाही. गच्चीवरचा खांब नुसताच उभा होता. खालच्या गल्लीतून भांडी तरंगत यायला लागली तेव्हा सुदामदादा पळाले. हिराआजींना त्यांनी पाठुंगळी घेऊन आणलं. आजींची चूल बुडाली होती. त्या विहारात भिंतीला टेकून बसल्या आणि बराच वेळ दम खात होत्या. मग म्हणाल्या, “ती टीवीवाली बाई, तिला कलवलं काय कोनी?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नंबर माझ्याकडे होता.

मी लिहिलं. वेळ लागला. ‘ताई, पाणी आलं. हिराआजी वर आहेत. सगळे वर आहेत. तुम्ही कुठे आहात?’ ते जाईना. फोन हातात धरून मी विहारात फिरत राहिले. खिडकीपाशी, मग दाराशी, मग ओट्यावर, वरच्या पायरीवर, परत आत. कोणी मला बस म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन चालू झाले तेव्हा निरोप निघाला. एक टिक आली, पोचल्याची दुसरी आली नाही. सुदामदादा म्हणतात, नंबर त्यांच्या ऑफिसचा असेल, काम संपल्यावर काढून घेतला असेल. असेलही.

पाणी उतरलं, चुली परत घातल्या, आजी आपल्या घरी गेल्या. रोज काम उरकलं की मी फोन उघडून बघते. अजून एकच टिक आहे.